कागदावरची मामी

दत्तकाच्या पाहणीच्या सरकारी बाई सकाळी यायच्या होत्या आणि घरात बसायला जागा नव्हती. खुर्च्या होत्या, हव्या तेवढ्या होत्या. जुने सोफे आणि खुर्च्या सोलून त्यांना नवं कापड चढवणं हाच या घराचा धंदा, आणि तो आबांच्या वडिलांपासून चालत आलेला. पण थोरल्यानं गेला आठवडाभर गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून घरातलीच सगळी बैठक नवी करून काढली होती. वर प्लास्टिक घातलं होतं आणि बाई येईपर्यंत कुणी टेकायचंसुद्धा नाही असा हुकूम सोडला होता. त्यामुळे आबा आपल्याच घरात भिंतीला पाठ लावून उभे होते.

“मी बसू कुठं?” त्यांनी विचारलं.

“स्वयंपाकघरात स्टूल आहे,” थोरला म्हणाला. तोंडात बारीक खिळे धरून बोलायची त्याला इतकी सवय होती, की घरच्यांना त्याचं खिळ्यांसकटचं बोलणंच जास्त नीट कळे.

तो खिडकीखाली गुडघ्यांवर बसून पलंगाची शेवटची कड ठोकत होता. पलंग त्यानं स्वतः केला होता, खालच्या फळ्यांपासून वरच्या गादीपर्यंत, आणि उशाशी पुस्तकं ठेवायला कप्पासुद्धा काढला होता. टाचणीला झोपायला आपली वेगळी जागा आहे हे बाईंना दिसलं पाहिजे, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. स्वतःलाही तेच सांगितलं होतं.

टाचणी म्हणजे धाकट्याची मुलगी. धाकटा आणि त्याची बायको अपघातात गेले तेव्हा ती सात वर्षांची होती, आता नऊ पूर्ण झाली. अंगानं काडी आणि बोलणं टोचरं, म्हणून आबांनी ठेवलेलं हे नाव. हजेरीपटाखेरीज तिचं दुसरं नाव कुणी घेत नसे. त्या अपघातानंतर कोर्टानं थोरला आणि त्याची बायको, म्हणजे टाचणीची काकू, या दोघांना पालक नेमलं होतं. आणि आता टाचणीची आत्या, या घरातली एकुलती एक लेक, तिला दत्तक घेऊन परदेशी न्यायला आली होती. आत्याला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, आशा धरून झाली आणि सोडूनही झाली. फोनवर तिनं थोरल्याला विचारलं आणि थोरल्यानं तिथल्या तिथं हो म्हटलं. म्हणून हे ठरलेलं होतं. या घरात थोरल्यानं ठरवलं की ठरलेलंच असे.

दार ढकलून कलममामा आत आला. हा काकूचा भाऊ, पेशानं वकील. कुठल्याही गोष्टीला एखादं कलम लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून हे नाव. त्यानं चपला काढल्या, वर पाहिलं आणि उंबऱ्यातच थबकला.

“दाजी, हे काय करून ठेवलंत?”

“का? वाईट झालंय?”

“वाईट कुठलं. राजवाडा झालाय. हीच तर पंचाईत आहे.” कलममामानं डोक्याला हात लावला. “मी तुम्हाला सांगितलं होतं ना, आपला देश आणि हिचा तिकडचा देश, दोघांनी एकाच करारावर सह्या केल्यात. त्यात पहिली गोष्ट काय? मुलाला आपल्याच देशात, आपल्याच माणसांत चांगलं घर मिळतंय का, ते आधी बघायचं. मिळत नसेल तर परदेश. आता हे घर बघून कुठली बाई लिहील, की पोरीची इथं आबाळ होते?”

थोरल्यानं तोंडातले खिळे तळहातावर काढले. हे तो सहसा जेवताना आणि झोपतानाच करी.

“मग आता घाण करू?”

“तसं मी म्हटलं नाही. खोटं दाखवलं तर तेही अंगाशी येतं. पण एवढं नटवायची काय गरज होती?”

“परकं माणूस घरात येणार. फाटक्या खुर्चीवर बसवू तिला? आम्ही खुर्च्यावाले आहोत.”

कलममामानं विषय तिथंच सोडला, कारण त्याच्याच पुस्तकांच्या खोलीतली खुर्ची थोरल्यानं दोनदा फुकटात करून दिली होती. आत्या दारात उभी राहून हे ऐकत होती. दादाचा हा मूर्खपणा तिला लहानपणापासून पाठ होता. शाळेत कपडे तपासायचे त्या दिवशी तो तिच्या फ्रॉकला कारखान्यातल्या उरल्या कापडाची झालर लावून द्यायचा आणि दोघंही ओरडा खायची. तिला हसू आलं, आणि मग भीती वाटली.

“नातेवाईक म्हणून मला सवलत आहे ना?” तिनं कलममामाला हळूच विचारलं.

“आहे. तुला रांग नाही, अनोळखी मूल नाही. पण पाहणी, संमती आणि कोर्ट यातलं काही सुटत नाही. आणि उशीर झाला तर काय, ते तुला माहीत आहे.”

तिला माहीत होतं. तिकडच्या कायद्यात आईबापाच्या वयाला मर्यादा होती आणि पुढच्या वाढदिवसाला ती त्या मर्यादेपलीकडे जाणार होती. हे राहिलं तर पुढे काहीच नव्हतं.

बाई आल्या तेव्हा त्यांचा घसा बसलेला होता. त्यांनी चहा नको म्हटलं, गरम पाणी मागितलं आणि प्लास्टिकवर बसल्या. प्लास्टिक असं काही कडकडलं की त्या जराशा उठून पुन्हा बसल्या, आणि ते पुन्हा कडकडलं. मग सगळेच बसले, आणि कुणी जरा हललं तरी सगळ्या खोलीला कळायला लागलं.

या घराचा एक रिवाज होता. परक्यासमोर घराचं तोंड एकच. आबा बोलत, नाहीतर थोरला बोले, बाकीचे माना हलवत. आबांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. आमची मुलगी फार गुणी, जावई फार सज्जन, तिकडे घर प्रशस्त, पोरीचं सोनं होईल, आमच्या सगळ्यांची एकमतानं संमती आहे. बाकीच्यांनी माना हलवल्या. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पण लिहिलं काहीच नाही.

“आबा, हे सगळं मी मानते,” त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. “पण मला प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलायचंय. बरोबर दुसरं कुणी नको.”

“कशाला? आमच्यात दोन मतं नाहीत.”

“नसतील. पण संमती कुणाच्या दबावाखाली दिलेली नाही, हे मला स्वतः बघावं लागतं. कायदाच तसा आहे. एखादी रिकामी खोली आहे का?”

रिकामी खोली या घरात नव्हतीच. मागचा कारखाना तेवढा होता. तिथं सोललेले सोफे, फोमचे तुकडे आणि स्प्रिंगांचे ढीग पडलेले. थोरल्यानं पुढची खोली सजवली होती, मागे बाई जातील हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याचा चेहरा पडला. राजवाड्याची ही मागची बाजू बाईंना दिसणार म्हणून कलममामाला मात्र बरं वाटलं.

आबा पहिले गेले. थोड्याच वेळात दारातून त्यांचा आवाज आला, “बदल्यात काय घेतलं म्हणजे? आम्ही काय खुर्ची विकतोय का?” मग बाईंचं काहीतरी समजुतीचं बोलणं झालं, हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात वगैरे, आणि आबा बाहेर आले ते कान लाल करूनच. त्यांच्यामागून थोरला गेला.

आत्या स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसली. टाचणी तिथंच कट्ट्यावर पाय हलवत बसली होती. काकू कपबशा पुसत होती आणि पोरीचा पाय कट्ट्याच्या दाराला लागला की “मोडून ठेव ते दार, एवढंच राहिलंय” म्हणत होती.

“तुझ्या घरी माझी खोली कुठल्या बाजूला आहे?” टाचणीनं आत्याला विचारलं.

“रस्त्याच्या. समोर बेकरी आहे. सकाळी पावाचा वास येतो.”

“आणि कागद झाले की तू माझी कोण?”

“आई.”

“नुसती कागदावर?”

“नाही. खरीच. कायद्यात ते अर्धंमुर्धं नसतं.”

“मग हाक काय मारायची?”

“तुला आवडेल ती मार.”

“आई म्हटलं तर तू ओ देशील?”

आत्यानं मान हलवली आणि मग, मानेवर भागणार नाही असं वाटून, “देईन,” असं म्हणाली.

“बरं,” टाचणी म्हणाली, बाजारात भाव पटल्यासारखं, आणि उडी मारून बाहेर गेली. आत्या तिथंच बसून राहिली. एवढा आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. पोर आपल्याला आई म्हणायला आसुसली आहे, तिला वाटलं. आपण उगीच भीत होतो.

कलममामा पाणी प्यायला आत आला. आई म्हणण्याचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. “नाती कशी फिरतात बघ,” तो म्हणाला. “तू झालीस आई, की दाजी काकाचे झाले मामा. ताई काकूची झाली मामी. आबा मात्र आजोबाचे आजोबाच, त्यांचं बरं आहे. आणि मी एवढी वर्षं हिचा कलममामा, तो झालो मामीचा भाऊ. म्हणजे कुणीच नाही. आमचं संस्थान खालसा.”

आत्या हसली. काकू हसली नाही. पण ती एरवीही फारशी हसत नसे, त्यामुळे कुणाच्या ते लक्षात आलं नाही. तिनं हातातली बशी पुसली, आणि पुसलेली बशी परत पुसली.

थोरला बाहेर आला. टाचणी आत गेली, बराच वेळ आत राहिली आणि हातात स्प्रिंगचा एक तुकडा घेऊन बाहेर आली. मग बाईंनी दारातून काकूला बोलावलं.

काकूनं पदराला हात पुसले. कारखान्यात बाई एका सोललेल्या सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या. समोर तसाच दुसरा. काकू त्यावर बसली आणि सवयीनं बाहेर आलेला फोम आत ढकलायला लागली.

काकूबद्दल घरातल्या सगळ्यांचं एक मत होतं, आणि ते चुकीचं होतं. सगळ्यांना वाटे, ती पोरीला कंटाळली आहे. तिची आपली दोन मुलं मोठी होऊन नोकरीसाठी बाहेरगावी गेली, आता कुठं हात मोकळे झाले तर हे नवं लेकरू पदरात पडलं. वाटायला तसं कारणही होतं. सकाळपासून तिचं तोंड चालू असे: हिनं केस विंचरू दिले नाहीत, हिनं दूध ठेवलं, हिनं जीव नकोसा केला. पण कुरकुर ही काकूची बोलीच होती. आपल्या मुलांशीही ती तेच बोलली होती आणि ती मुलं अजून आजारी पडली की तिलाच फोन करत. हे कुणाला आठवलं नाही.

“मी तुम्हाला आधी काय होणार ते सांगते,” बाई म्हणाल्या. “मग विचारते. आत्ता तुम्ही दोघं तिचे पालक आहात. कोर्टानं तुमच्याकडे तिचा सांभाळ दिलाय. दत्तकाचा हुकूम झाला, की तो सांभाळ संपतो. तिची शाळा, तिचं औषधपाणी, ती कुठं राहणार, यातलं काही तुम्हाला विचारलं जाणार नाही. आणि एकदा झालं की ते मागे फिरत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलंय?”

“भाऊ वकील आहे माझा. त्यानं यांना सांगितलं.”

“तुम्हाला?”

“यांना सांगितलं म्हणजे मला सांगितल्यासारखंच.”

बाईंनी गरम पाण्याचा घोट घेतला. “तुम्ही स्वतः तिला दत्तक का घेतलं नाहीत?”

काकूला हा प्रश्न वेडगळ वाटला. “घरच्या पोरीला कुणी दत्तक घेतं का? आपल्याच कपाटातली साडी आपण विकत आणतो का?”

“कायद्याला ते कपाट दिसत नाही हो. त्याला फक्त हुकूम दिसतो.”

“मग हुकूम झाला, की मी तिची कोण?”

“तुमच्या नणंदेची ती मुलगी. तुम्ही मामी.”

कलममामा बोलला तेव्हा ती थट्टा होती. आता सरकारच्या बाई बोलत होत्या. काकूचा हात फोममध्ये तसाच राहिला. जाऊ गेली त्या आठवड्यात पोर रात्रभर तिच्या दंडाला धरून झोपायची, आणि सकाळी दंडावर बोटांचे ठसे असायचे. ते तिनं कुणाला दाखवले नव्हते. मामी म्हणजे सुट्टीत जिच्या घरी जायचं ती. मामी म्हणजे लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर तिसऱ्या ओळीत.

“तुमच्या यजमानांचं म्हणणं मी लिहून घेतलंय. आबांचंही घेतलंय,” बाई म्हणाल्या. “पण पालक म्हणून तुमचं नाव वेगळं आहे आणि तुमची संमतीही वेगळी लागते. ती आहे का?”

“आमच्यात हे बोलतात.”

“ते बोलले. तुम्ही?”

बाहेर पुढच्या खोलीत कुणीतरी हललं आणि प्लास्टिक कडकडलं. काकूनं लग्न झाल्यापासून परक्यासमोर मान हलवली होती. तीच सवय आत्ताही मानेत आली, आणि ती मान कशी काय कोण जाणे, आडवी हलली.

“नाही,” ती म्हणाली. मग घाबरून, “असं म्हणता येतं का?”

“येतं. त्यासाठीच तर मी आलेय. पण मला नीट लिहावं लागेल. ती लांब जाऊ नये म्हणून नाही, की ती तुम्हाला हवी आहे म्हणून?”

“हवी आहे,” काकू म्हणाली. हे वाक्य तिनं आधी कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं आणि आता ते थांबेना. “मला ती हवी आहे. माझीच आहे ती.”

बाईंनी लिहिलं. मग म्हणाल्या, “तसा तुमचा अर्ज आला, तर आधी तोच विचारात घ्यावा लागतो. आपल्या देशातलं घर आधी. पण अर्ज नवराबायकोनं मिळून करायचा असतो. यजमान करतील?”

“त्यांनी बहिणीला शब्द दिलाय.”

“मी विचारू, की तुम्ही विचाराल?”

“मीच विचारते,” काकू म्हणाली. उठताना तिनं सोफ्याचा फोम आधी नीट आत बसवला आणि मगच ती बाहेर आली.

थोरल्यानं बायकोचा चेहरा पाहिला आणि काहीतरी फाटलंय एवढं त्याला कळलं. नेमकं कुठं, ते कळलं नाही.

“अहो,” काकू उभ्या उभ्याच म्हणाली, “मी नाही म्हटलंय.”

“कशाला नाही?”

“टाचणीला पाठवायला. मला तिला दत्तक घ्यायचंय. आपण दोघांनी. तुमची सही लागते.”

कुणी हललं नाही, त्यामुळे प्लास्टिकही वाजलं नाही. आत्यानं आधी काकूकडे पाहिलं, मग दादाकडे. थोरला उठला.

“काय बोलतेस तू? पाहुण्या बाईंसमोर? मी शब्द दिलाय हिला. विमानाचा प्रवास करून आलीये ती. आणि तूच ना, रोज म्हणत असतेस की जीव नकोसा झालाय?”

“ते मी तुमच्याबद्दलही म्हणते. तुम्हाला पाठवलं का कुठं?”

आबांच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. थोरल्यानं त्यांच्याकडे वळून म्हटलं, “आबा, तुम्ही सांगा हिला.”

सगळ्यांना वाटलं, आता आबा बोलतील आणि विषय मिटेल. आजवर असंच होत आलं होतं. आबांनी सुनेकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. दोघींमधून एक निवडण्याएवढं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. “मी नाही बोलणार,” ते म्हणाले. “आजवर सगळ्यांचं मीच बोललो. आता ज्यानं त्यानं आपलं बोलावं.”

आत्यानं बाईंना विचारलं, “आणि टाचणी? तिला विचारलंत ना? ती काय म्हणाली?”

“ते तिचं आहे. तिनं सांगितलं तरच मी सांगणार.”

“मीच सांगते की,” टाचणी खिडकीखालच्या पलंगावरून म्हणाली. एवढ्या गडबडीत ती नव्या पलंगावर आडवी पसरली आहे हे थोरल्याच्याही लक्षात आलं नव्हतं. “मी हो म्हटलं.”

काकूनं खुर्चीची पाठ धरली. आत्याच्या चेहऱ्यावर मघाचा आनंद परत आला, आणि तो दिसू नये म्हणून तिनं मान खाली घातली.

“जायचंय तुला?” काकूनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

“तिथं आई म्हणता येतं. आत्या ओ देणार आहे, मी विचारून घेतलंय. तू देत नाहीस.”

“मी कधी ओ दिली नाही?”

“मी म्हटलं होतं तुला एकदा. आंघोळीच्या वेळी. तू म्हणालीस, काकूच म्हण, आई एकच असते.” टाचणी उठून बसली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, घडलं तसं सांगत होती. “मग शाळेत सगळे विचारतात, तुझ्यासाठी काकूच का येते. मला रोज पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. कंटाळा येतो.”

काकू मटकन खाली बसली, जमिनीवरच. “अगं, तुझी आई माझी पाठची बहीण असल्यासारखी होती,” ती म्हणाली. “ती जाऊन महिना झाला नव्हता. तिची हाक मी कशी घेऊ? मला वाटलं, ती चोरी होईल.”

“पण आता तर पुष्कळ दिवस झाले,” टाचणी म्हणाली.

आबा स्वतःशीच पुटपुटले, “काखेत कळसा आणि गावाला वळसा,” आणि आपण आत्ताच न बोलायचं ठरवलंय हे आठवून गप्प झाले.

आत्यानं मान वर केली. पोरीला आई हवी होती. आपण हव्या होतो असं नाही. आपण ओ द्यायला तयार होतो, एवढंच. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं, की राग यायलाही जागा राहिली नाही. नुसतं दुखलं.

“दादा,” ती म्हणाली, “तू मला हो का म्हणालास?”

“तू मागितलंस म्हणून,” थोरला म्हणाला. “लहानपणापासून तू कधी काही मागितलं नाहीस. एवढं एक मागितलंस, नाही कसं म्हणू?”

“तुला तिनं जावंसं वाटत होतं?”

थोरल्यानं खिशात हात घालून खिळे चाचपले, पण तोंडात घातले नाहीत. त्यानं पलंगाकडे पाहिलं. “जावंसं वाटत असतं तर मी कप्पा कशाला काढला असता,” तो म्हणाला. “पुस्तकांना.”

कलममामा आत्तापर्यंत एकही कलम न सांगता बसला होता, आणि हे त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्यानं नजर चुकवली. मग तिनं बाईंनाच विचारलं, “मी अर्ज चालू ठेवला तर?”

“ठेवू शकता. कोर्ट दोन्ही बघेल. वेळ लागेल.”

“आणि मागे घेतला, तर मला पुन्हा करता येईल? दुसऱ्या कुठल्या मुलासाठी?”

“तुमच्या तिकडचा वयाचा नियम मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. आज काही सांगू नका. सहीही करू नका. सावकाश विचार करा.” त्यांनी कागद आवरले, पाण्याचा कप स्वतःच आत नेऊन ठेवला आणि जाताना थोरल्याला म्हणाल्या, “काम सुरेख आहे तुमचं.” एरवी या शब्दांनी तो आठवडाभर फुगला असता. आज त्यानं नुसती मान हलवली.

दुपारी पानं मांडली. कुणी फार जेवलं नाही. काकू आत्याला वाढायला आली आणि भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“वन्सं, मी तुमचं हिरावून घेतलं.”

“वहिनी, तू दोन वर्षं बोलली का नाहीस?”

“कुणी विचारलं नाही.”

“मीही विचारलं नाही,” आत्या म्हणाली. “फोनवर दादाला विचारलं. तुला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तू आहेसच, असं धरून चालले.” तिनं काकूच्या हातातलं भांडं घेतलं आणि स्वतःच्या पानात वाढून घेतलं. “आता मला वाईट वाटणार आहे. बरेच दिवस वाटणार आहे. तेवढं वाटू दे. तू माझी समजूत घालू नकोस.”

“नाही घालत,” काकू म्हणाली, आणि तिच्याशेजारी बसली.

संध्याकाळी आत्या मागच्या कारखान्यात गेली आणि दार लोटून तिनं नवऱ्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती. त्यानं पहिल्याच घंटेला उचलला, म्हणजे तो फोन हातात घेऊनच बसला होता.

“काय झालं?” त्यानं विचारलं. “बाईंना घर पसंत पडलं नाही का?”

“घर फारच पसंत पडलं.”

“मग?”

“ती येत नाहीये. मी उद्या अर्ज मागे घेतेय.”

“पण तुझ्या भावानं तर हो म्हटलं होतं. मग नकार कुणी दिला?”

आत्यानं सोफ्याच्या उघड्या स्प्रिंगवर हात ठेवला.

“तिच्या आईनं,” ती म्हणाली.

“कुणी? अगं, तिची आई तर...”

“हो. तिच्या आईनं नाही म्हटलं.”

त्यानं आणखी काही विचारलं असतं, कायद्याचं, कोर्टाचं, आता पुढे काय त्याचं, तर तिनं सगळं नीट सांगितलं असतं. तिची तयारी होती.

“तू जेवलीस का?” त्यानं विचारलं.

तेव्हा मात्र तिला रडू आलं.